मोटारसायकलच्या बॅटरीचे गंजलेले टर्मिनल साफ करण्याची रीत

पावसाळ्यात सकाळी गाडी बाहेर काढावी, चावी फिरवावी, इंडिकेटर लागावा, हॉर्नही वाजावा आणि सेल्फचे बटण दाबताच सीटखालून नुसता ‘कट्’ असा आवाज येऊन दिवे मंदावावेत, हा अनुभव मोटारसायकल चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो दर वेळी चुकतो असे नाही. परंतु नवी बॅटरी घेण्यापूर्वी जुन्या बॅटरीचे टर्मिनल उघडून पाहणे हे चमचाभर खाण्याच्या सोड्याचे आणि तासाभराचे काम आहे, आणि ते केल्याखेरीज बॅटरीबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीची बॅटरी जेमतेम दीड वर्ष वापरलेली असताना एका दुकानात ती बाद ठरवण्यात आली होती. घरी येऊन मल्टिमीटर लावला, तेव्हा टर्मिनलच्या शिशावर १२.६ व्होल्ट दिसले. म्हणजे निदान चार्ज तरी पुरेसा होता. मग पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवून वायरच्या टोकाचे थिंबल उचलले, तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या थिंबलच्या पोटाशी राखाडी रंगाचा, नखाने खरवडला की पिठासारखा निघणारा थर बसलेला होता. तो काढून थिंबल पुन्हा बसवल्यावर गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली आणि तीच बॅटरी पुढे आणखी दोन वर्षे चालली.

म्हणून हे काम प्रथमच करणाऱ्याने एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. टर्मिनलवर फुललेली पांढरी किंवा हिरवी पावडर डोळ्यांत भरते खरी, पण वीज अडवणारा थर बसतो तो टर्मिनल आणि थिंबल यांच्या एकमेकांना चिकटलेल्या सपाट अंगांच्या मधोमध. बोल्ट न सोडवता वरवर ब्रश फिरवला किंवा गरम पाणी ओतले, तर बॅटरी स्वच्छ दिसू लागते आणि गाडी मात्र तशीच अडून राहते.

ही पावडर येते कोठून

गॅरेजमध्ये ‘टर्मिनलला बुरशी आली’ किंवा ‘कार्बन आला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात ते धातूंचे क्षार असतात. मोटारसायकलमध्ये सर्रास असणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीत साधारण २ व्होल्टचे सहा सेल असतात आणि त्यांत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. चार्जिंग होताना, विशेषतः ते गरजेपेक्षा जास्त होताना, आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू तयार होतात, आणि बाहेर पडताना ते आम्लाचे सूक्ष्म तुषार बरोबर आणतात. शिशाचा खांब प्लास्टिकच्या झाकणातून जेथे वर येतो, तेथील सांध्यातूनही आम्ल हळूहळू झिरपू शकते. हे आम्ल शिशाशी मिळाले की पांढरे लेड सल्फेट तयार होते, आणि थिंबलच्या तांब्या-पितळेशी मिळाले की निळसर हिरवे क्षार तयार होतात. त्यामुळे रंग पाहूनच काय खाल्ले जात आहे याचा अंदाज बांधता येतो: पांढरे असेल तर बहुधा शिसे, हिरवे असेल तर वायरचे टोक. कोकणपट्टीत आणि एकूणच समुद्राजवळ खारी, दमट हवा यात भर घालते. तेथे लोखंडी बोल्ट आणि वॉशरही तांबड्या गंजाने धरून बसतात.

एवढासा थर सेल्फ कसा अडवतो, हे आकड्यांत पाहिले तर शंका राहत नाही. समजा, थराचा अवरोध ०.०५ ओहम आहे. हेडलाइटच्या ३५ वॅटच्या बल्बला साधारण ३ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो. म्हणजे त्या थरावर ०.१५ व्होल्ट वाया जातात आणि उजेडात फरकही जाणवत नाही. सेल्फची मोटर मात्र याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तिने ६० अँपिअर मागितले, तर त्याच थरावर ३ व्होल्ट जातात आणि मोटरपर्यंत जेमतेम साडेनऊ पोहोचतात. दिवा लागतो, हॉर्न वाजतो आणि सेल्फ फिरत नाही, याचे कोडे बहुतेक वेळा एवढेच असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले, आणि त्यांपैकी अनेकींना किकही नाही. अशा गाडीत पेट्रोलचा पंप आणि नियंत्रण करणारे युनिट हे दोन्ही बॅटरीवर अवलंबून असल्याने टर्मिनलची हयगय पूर्वीपेक्षा महाग पडते.

कामाला बसण्यापूर्वी

टर्मिनलचे बोल्ट बहुतेक गाड्यांत १० किंवा ८ नंबरच्या पान्याने सुटतात, आणि अनेकदा त्यांच्या डोक्यावर फुलीची खाचही असते. म्हणून दोन्ही पाने आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर जवळ ठेवावा. याशिवाय खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, पितळी तारांचा छोटा ब्रश, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा, दोन सुती फडकी, मगभर स्वच्छ पाणी आणि थोडे वॅसलीन लागते. मल्टिमीटर असल्यास उत्तम. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो.

सोड्याबाबत थोडी दक्षता घ्यावी. आपल्याला हवा आहे तो भजी-ढोकळ्यात घालतात तो खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडाही आम्ल मारतो, पण तो तीव्र असल्याने हातांना झोंबतो. पित्तावर घेतात ती फसफसणारी पावडर वापरू नये, कारण तिच्यात सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असते. कोल्ड्रिंक ओतून टर्मिनल साफ करण्याची युक्ती पुष्कळांनी पाहिलेली असते. परंतु कोल्ड्रिंक स्वतःच आम्लधर्मी आहे, त्यामुळे पावडर वाहून गेली तरी आम्ल मरत नाही आणि मागे साखरेचा चिकटा तेवढा उरतो. पेट्रोलने धुण्याचा विचारही करू नये. बॅटरीजवळ ठिणगी पडण्याची शक्यता नेहमीच असते.

सुरक्षिततेचे नियम कंटाळवाणे वाटले तरी ते येथे खरोखर लागू पडतात. काम मोकळ्या हवेत करावे, जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती, दिवा असे काहीही पेटते नसावे, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे; पॉझिटिव्ह टर्मिनल आणि चासी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होण्याइतकी तापते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत. कपडे जुने घालावेत, कारण आम्लाचा थेंब सुती कापडावर पडला तर डाग त्या दिवशी दिसत नाही, पण पुढच्या धुण्यात तेथे भोक पडते. आम्ल कातडीवर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांत सोड्याचे पाणी घालू नये. पावडरीत शिसे असते, म्हणून ती कोरडी खरवडून फुंकर मारून उडवू नये, लहान मुलांना जवळ बसू देऊ नये आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये.

आधी मोजावे, मग सोडवावे

हातात मीटर असेल तर काहीही सोडवण्यापूर्वी पाच मिनिटे मोजमापाला द्यावीत, म्हणजे साफसफाईने फरक पडला की नाही हे अंदाजावर राहत नाही. गाडी काही तास बंद राहिल्यावर दोन्ही टर्मिनलांच्या शिशावर मीटरच्या काड्या टेकवाव्यात. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी असे ढोबळमानाने समजावे. ज्यांच्याकडे अजून ६ व्होल्टची जुनी गाडी आहे, त्यांनी हे आकडे निम्मे धरावेत.

यानंतरची चाचणी या कामातली सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि ती फारच थोडे लोक करतात. एक काडी पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शिशावर टेकवावी आणि दुसरी त्याच टर्मिनलवर बसलेल्या थिंबलवर. म्हणजे दोन्ही काड्या एकाच बाजूला, अर्ध्या इंचाच्या अंतरात. बोल्टच्या डोक्यावर काडी ठेवू नये. आता दुसऱ्या कोणाला तरी सेल्फचे बटण दोन-तीन सेकंद दाबायला सांगावे. सांधा चांगला असेल तर मीटर ०.१ व्होल्टच्या आतच राहतो. तो ०.३, ०.५ किंवा त्याहून वर गेला, तर तेवढे व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होत आहेत, हे डोळ्यांसमोर दिसते. निगेटिव्हच्या बाजूलाही हेच करावे. सांधा अगदी शून्यवत असेल आणि सेल्फच्या वेळी बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधले व्होल्टेज ८ किंवा ७ पर्यंत कोसळत असेल, तर दोष सांध्यात नाही. बॅटरी चार्ज करून पाहावी आणि तरीही तसेच होत असेल तर ती बदलण्याची वेळ आलेली असते.

सोडवण्याचा क्रम

चावी बंद करून काढून घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडवू नये. तसे केल्यास व्होल्टेज एकदम उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करावी. बॅटरी काही गाड्यांत सीटखाली आणि काहींत साइड कव्हरच्या मागे असते. साइड कव्हर काढताना ते खेचून ओढण्यापेक्षा रबरी बुशिंगात बसलेली एकेक खुंटी हलकेच बाहेर काढावी, कारण जुने प्लास्टिक नेमके त्या खुंटीशीच मोडते. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत: कोणत्या टर्मिनलवर किती वायरी आहेत, जाड कोणती, बारीक कोणती आणि वाफ जाण्याची नळी कोणत्या बाजूने गेली आहे, हे त्यांत दिसले पाहिजे.

प्रथम निगेटिव्ह सोडवावे, नंतर पॉझिटिव्ह; आणि बसवताना याच्या उलट. हा नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण समजून घ्यावे, म्हणजे तो आयुष्यात चुकणार नाही. निगेटिव्ह वायर गाडीच्या चासीला आणि इंजिनला जोडलेली असते. ती जोडलेली असताना पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवायला घेतला आणि पाना चासीला टेकला, तर बॅटरीचे दोन्ही ध्रुव पान्यातून थेट जोडले जातात. मोठी ठिणगी पडते, पाना चिकटू शकतो आणि जवळ साचलेला वायू पेटू शकतो. निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल तर पाना चासीला कितीही लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. काही जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत चासीला पॉझिटिव्ह जोडलेले असते. तेथे चासीकडे जाणारी वायर आधी, हाच अर्थ घ्यावा.

सुटलेल्या निगेटिव्ह वायरीच्या टोकाला फडके गुंडाळून ती बाजूला वाकवून ठेवावी. मग पॉझिटिव्हवरची लाल रबरी टोपी सरकवून तो बोल्ट काढावा. येथे नवख्याची हमखास फसगत होते ती चौकोनी नटाने. बहुतेक बॅटऱ्यांत बोल्ट ज्या नटात जातो तो शिशाच्या खोबणीत सुटा बसवलेला असतो, आणि बोल्ट निघताच तो खाली घसरतो किंवा घरंगळून चासीच्या पोटात जातो. म्हणून बोल्टचे शेवटचे दोन आटे सोडवताना नटाखाली बोट धरावे, आणि दोन्ही नट-बोल्ट लगेच एका वाटीत टाकावेत. गाडीला चुंबकीय काडी लावून तो नट शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आहे; शेवटी तो एअर फिल्टरच्या डब्याखाली, चिखलात रुतलेला सापडला.

बोल्ट धरून बसला असेल तर जोर लावू नये. शिसे मऊ असते; हिसका बसला की खांबच पिळला जातो आणि झाकणाशी असलेले त्याचे सील फुटते, मग ती बॅटरी कायमची गळू लागते. कोमट सोड्याचे पाणी ब्रशने बोल्टभोवती लावून दहा मिनिटे थांबावे, पक्कडीने नट स्थिर धरावा आणि मग पाना थोडा घट्ट, थोडा सैल असा पुढे-मागे करत सोडवावा. या उपायाने न सुटलेला बोल्ट मी क्वचितच पाहिला आहे.

शेवटी रबरी पट्टा काढून बॅटरी उचलावी. पाण्याच्या बॅटरीची (म्हणजे बुचे उघडून जिच्यात वरून पाणी घालता येते तिची) वाफनळी आधी सोडवावी आणि बॅटरी उभीच धरावी. बॅटरी गाडीतच ठेवून साफसफाई करता येते असे अनेक जण सांगतात. पण तसे केल्यास आम्लमिश्रित पाणी चासीवर आणि चेनवर उतरते आणि पितळी ब्रश दोन्ही टर्मिनलांना एकदम लागण्याचा धोकाही राहतो. बॅटरी बाहेर काढणेच योग्य.

प्रत्यक्ष साफसफाई

पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सोडा विरघळवावा. बॅटरी पाण्याची असेल तर तिच्या सहाही सेलची बुचे घट्ट बसली आहेत हे पाहावे आणि वाफनळीच्या तोटीवर बोटाने किंवा चिकटपट्टीने झाकण करावे, कारण सोड्याचे पाणी आत गेले तर तेथील आम्लही मरते आणि बॅटरीची ताकद जाते. काम संपल्यावर ती चिकटपट्टी आठवणीने काढावी.

टूथब्रश द्रावणात बुडवून, फार न ठिबकवता, टर्मिनलवर टेकवावा. पावडर फसफसू लागते, तिचा फेस होतो आणि हिरवट पाणी ओघळते. सोडा आणि गंधकाम्ल यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा तो फेस. मिनिटभर थांबावे, फडक्याने टिपावे आणि पुन्हा द्रावण लावावे. फेस येणे थांबेपर्यंत हे करत राहावे. आम्ल संपले की नाही हे सांगणारी दुसरी कोणतीही खूण घरी आपल्याकडे नसते, म्हणून या खुणेवर विसंबावे आणि घाई करू नये. थिंबल, बोल्ट, नट आणि वॉशर याच द्रावणात वाटीत बुडवून ठेवावेत. बॅटरीचे वरचे झाकणही पुसून घ्यावे, कारण त्यावरचा ओलसर मळ दोन टर्मिनलांमध्ये बारीकशी वाट तयार करतो आणि गाडी उभी असतानाही चार्ज हळूहळू गळत राहतो.

नंतर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सोडा पुसून काढावा आणि सर्व भाग पूर्ण कोरडे करावेत. आता पॉलिश पेपर हातात घ्यावा. टर्मिनलच्या सपाट अंगावर तो हलक्या हाताने फिरवला की मातकट राखाडी रंग जाऊन खाली चंदेरी शिसे दिसू लागते. ते दिसले की थांबावे, कारण शिसे झरझर झिजते आणि घासून घासून खोलगट झालेल्या टर्मिनलवर थिंबल नीट टेकत नाही. थिंबलचे दोन्ही अंग, आणि विशेषतः खालचे, पितळी ब्रशने धातू चमकेपर्यंत घासावे. थिंबलवर कथलाचा मुलामा असेल तर तो सगळा खरवडून काढू नये. डाग जाण्यापुरतेच घासावे.

येथेच वायरही तपासावी. थिंबलच्या मागे दोन-तीन इंचांपर्यंत वायर बोटांत दाबून वाकवून पाहावी. ती कडक लागली, आत काहीतरी कुरकुरल्यासारखे वाटले किंवा आवरण फुगलेले दिसले, तर आम्ल आवरणाच्या आतून तांब्याच्या तारांमध्ये चढले आहे असे समजावे. अशा वायरीचे टोक कितीही साफ केले तरी उपयोग नसतो. वायरमनकडून खराब भाग कापून, आत लाल चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे येऊन, नवे थिंबल पक्कडीने नव्हे तर क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्यावे.

बॅटरीची बैठक पाहायला विसरू नये. आम्ल तेथे सांडलेले असेल तर रंगाचे फोड आलेले दिसतात आणि त्याखाली पत्रा खाल्ला जात असतो. तेथेही सोड्याचे पाणी लावून, पुसून, कोरडे करून रंगाचा एक हात द्यावा. वाफनळी मुडपलेली नाही आणि तिचे टोक चेनवर येत नाही, याची खात्री करून घ्यावी.

पाण्याच्या बॅटरीत सेलमधली पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असली पाहिजे. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, फिल्टरचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी नको, आणि आम्ल तर मुळीच नको, कारण उडून जाते ते पाणी. वरच्या खुणेच्या वर कधीही भरू नये. काठोकाठ भरलेली बॅटरी चार्ज होताना बाहेर थुंकते, आणि पुष्कळ टर्मिनल गंजतात ते या एका अतिरेकामुळेच. मेंटेनन्स-फ्री म्हणून मिळणारी सीलबंद बॅटरी मात्र उघडण्याचा प्रयत्न करू नये.

पुन्हा बसवताना

बॅटरी बैठकीत ठेवून, वाफनळी लावून, रबरी पट्टा ताणून बसवावा. बॅटरी जागच्या जागी हलत असेल तर प्रत्येक खड्ड्याला सांधा सैल होत जातो. चौकोनी नट खोबणीत बसवल्यावर तो बोल्टच्या छिद्रापर्यंत वर येत नाही, ही नेहमीची अडचण आहे. त्यासाठी नटाखाली स्पंजचा किंवा रबरी नळीचा लहानसा तुकडा ठेवावा; नट वर उचललेला राहतो आणि बोल्टचा आटा लगेच धरतो.

आता पॉझिटिव्ह आधी. वायरींचा क्रम महत्त्वाचा आहे: सेल्फकडे जाणारी जाड वायर थेट शिशावर, तिच्यावर बारीक वायरी, त्यांवर वॉशर आणि सर्वांत वर बोल्टचे डोके. शिसे आणि थिंबल यांच्या मध्ये वॉशर कधीही घालू नये. हॉर्न, फॉग लॅम्प किंवा मोबाइल चार्जर बसवून दिल्यानंतर अनेक गाड्यांत नेमकी त्या बारीक वायरीची गोल कडी जाड थिंबलच्या खाली सारलेली आढळते, आणि त्या दिवसापासून सेल्फ कुरकुरू लागतो. बोल्ट प्रथम हाताने आटे धरेपर्यंत फिरवावा, मग पान्याने आवळावा. थिंबल बोटांनी पिळून हलले नाही म्हणजे पुरे. नंतर निगेटिव्ह याच रीतीने बसवावे. शेवटच्या क्षणी बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. पण ती मोठी असेल तर चावी बंद आहे का ते पाहावे.

वॅसलीन लावायचे ते सांधा आवळून झाल्यावर, बाहेरून, पातळ हाताने. त्याचे काम ओल आणि आम्लाचे तुषार धातूपासून दूर ठेवणे एवढेच आहे. लाल टोपी पॉझिटिव्हवर पूर्ण ओढून बसवावी. ती फाटलेली असेल तर नवी घ्यावी.

गाडी सुरू करताना सांध्याची मघाची चाचणी पुन्हा करावी. मग इंजिन मध्यम वेगाने फिरवत बॅटरीवरचे व्होल्टेज पाहावे: ते साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असले पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवत राहील आणि साफ केलेले टर्मिनल महिन्याभरात पुन्हा पांढरे होईल. १३ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंगच्या वायरिंगची तपासणी मिस्त्रीकडून करून घ्यावी. डिजिटल मीटर असलेल्या गाडीत घड्याळ पुन्हा लावावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे.

वापरलेली फडकी आणि द्रावणाचे पाणी यांत शिशाचे क्षार असतात. ते कुंडीत, विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. पाणी मुळातच थोडे वापरावे, सगळे फडक्यांनी टिपून घ्यावे आणि फडकी पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्यावीत. बॅटरी खरोखरच बाद ठरली, तर ती भंगारात न विकता नवी घेताना दुकानदाराकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि परत दिल्यास किमतीत सूटही मिळते.

आठवड्याभराने किंवा शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर दोन्ही बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत. मऊ शिसे दाबले जाऊन जागा धरते आणि पहिल्यांदा आवळलेला बोल्ट पाव फेरा सैल झालेला बहुधा आढळतो. पुढची पाहणी मृगाच्या आधी आणि त्यानंतर दिवाळीच्या सुमारास करावी. कोकणात राहणाऱ्यांनी भर पावसाळ्यातही एकदा लाल टोपी उचलून पाहावी.